परिसर भेट : कशेळीचा कातळातला हत्ती



राजापूर तालुक्यातलं कशेळी आपल्याला कनकादित्य मंदिरामुळे माहीत असतं. याच गावच्या सड्यावर जांभ्या कातळात एक हत्ती कोरलेला आहे. लांबी सुमारे 18 मीटर, रुंदी सुमारे 13 मीटर! त्याच्या अंगात मासे आणि इतर प्राणीही कोरलेत. कोकणातली अशी कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत.

पण तिथं पोचल्यावर मुलं विचारतात, "हत्ती कुठंय?" कारण हा उभा पुतळा नाही, जमिनीवर कोरलेलं चित्र आहे. जवळून नुसत्या रेघा दिसतात. म्हणून तयारी शाळेतच करा. मैदानावर सुतळीने 18 मीटर लांब, 13 मीटर रुंद आयत आखा. क्षेत्रफळ मुलांनाच काढू द्या : 234 चौरस मीटर. आपला वर्ग यात किती वेळा मावेल?

सड्यावर सावली नसते, म्हणून सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात कोरीव रेघा उठून दिसतात. कडेकडेने फिरत सोंड, पाय, पाठ शोधा आणि वहीत काढा. मग विचारा, "वरून न बघता एवढा हत्ती कसा आखला असेल?" उत्तर लगेच सांगू नका.

एक मात्र पक्कं ठरवून जा. शिल्पावर चालायचं नाही, फोटोसाठी रेघांत खडू-चुना भरायचा नाही. जांभा झिजतो, आणि झिजलेली रेघ परत येत नाही. नाव कोरायचा मोह झालाच, तर मुलांना एवढंच सांगा : ज्यांनी हत्ती कोरला, त्यांनीसुद्धा आपलं नाव लिहिलं नाही.