पंचनाम्याआधीची मदत

२२ सप्टेंबर २०२३ ची मध्यरात्र उलटली आणि नागपुरात अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरले, सीताबर्डीच्या मोरभवन स्थानकात बसगाड्या बुडाल्या. एनडीआरएफ, एसडीआरएफ, अग्निशमन दल आणि लष्कराच्या जवानांनी शेकडो लोकांना बाहेर काढले, तरी काहींचा जीव गेला. तातडीने मदत जाहीर झाली : घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला १० हजार, दुकानदाराला ५० हजारांपर्यंत, टपरीवाल्याला १० हजारांपर्यंत, मृतांच्या वारसांना ४ लाख. या रकमा अपुऱ्या की पुरेशा, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. पण त्या मध्यरात्री उपयोगी पडेल अशी कोणती मदत सरकारने आधीच वस्तीत पोहोचवून ठेवली होती, हे विचारायला हवे. कारण पंचनामा झालेले नुकसानच मोजतो. टळलेल्या नुकसानीचा पंचनामा होत नाही, म्हणून ते टाळण्यासाठी केलेल्या खर्चाला कोणी वालीही नसतो.

नागपूरच्या बाबतीत हे जास्तच खटकते. आपत्तीशी कसे लढावे हे देशाला शिकवणाऱ्या संस्था याच शहरात आहेत. १९५७ साली इथे केंद्र सरकारची आपत्कालीन मदतकार्य प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली आणि नंतर एनडीआरएफ अकादमीत विलीन झाली. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथेच, प्रादेशिक हवामान केंद्र इथेच, आणि एसडीआरएफच्या राज्यातल्या दोन तुकड्यांपैकी एक नागपूरची, दुसरी धुळ्याची. ज्ञान शहरात आहे, ते गल्लीत उतरत नाही. आणि पुराची आठवण म्हणाल तर तीही जिल्ह्याला आहे. ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातल्या मोवाडला वर्धा नदीच्या पुराने दोनशेहून अधिक माणसे नेली.

यावर नेहमीचे उत्तर असे, की एवढा पाऊस क्वचितच होतो, त्याची तयारी कोण करणार? पाऊस किती पडेल हे आधी सांगता येत नाही हे खरे, पण पाणी कुठून जाईल हे नागपुरात दीडशे वर्षे ठाऊक आहे. अंबाझरीचे धरण १८७० चे. त्याच्या सांडव्यातून निघालेले पाणी नाग नदीतूनच पुढे जाते. सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाने प्रवाह अडतो की नाही, हा वाद पुरानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. तो वाद पुराच्या आधी व्हायला कोणाची हरकत होती?

दुसरा आक्षेप पैशाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणीच घालून दिली होती. शंभरातले ४० रुपये बचाव-मदतीला, ३० पुनर्वसनाला, १० पूर्वतयारीला आणि २० सौम्यीकरणाला, म्हणजे धोका मुळातच कमी करण्याला. सत्तर रुपये नंतरचे, तीस आधीचे. ही वाटणी मला सदोष वाटते, तरी तीस रुपये म्हणजे शून्य नव्हे. शिवाय नंतरच्या मदतीला नियमांची कुंपणे असतात. केंद्राच्या निकषांत कपडे-भांड्यांसाठीचे साहाय्य घर वाहून गेल्यास, पूर्ण पडल्यास किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्याखाली राहिल्यास मिळते. नागपुरातले पाणी काही तासांत ओसरले आणि जाताना गाद्या, धान्य, फ्रीज, कागदपत्रे नासवून गेले. राज्याने वेगळी घोषणा केली म्हणून निभावले. शहरी पुराचा वेग आणि निकषांमागे गृहीत धरलेला पूर यांचा मेळच बसत नाही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. लोक इशारे ऐकत नाहीत, मग तयारीवर खर्च का? पण मध्यरात्री मोबाईलवर आलेला कोरडा संदेश आणि ओळखीच्या माणसाने दारावर दिलेली थाप यांत फरक असतो. याच विचारातून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना आली. ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करणे हे तिचे उद्दिष्ट. सरासरी काढली तर जिल्ह्याला तीनशेच्या आत. नागपूरसारख्या महानगराच्या जिल्ह्याला एवढे कसे पुरणार? आणि नागपूरकर ऐकतच नाहीत असेही नाही. २०१६ पासून शहरात उष्माघात कृती आराखडा आहे. रुग्णालयांत शीत कक्ष तयार ठेवणे, भर दुपारी उद्याने उघडी ठेवणे अशा साध्या गोष्टी दर उन्हाळ्यात ठरवून केल्या जातात. उन्हासाठी हे जमते, कारण ऊन दरवर्षी येते. पुराला दरवर्षाची शिस्त लावणे हेच प्रशासनाचे काम आहे.

याचा अर्थ रोख मदत कापून भिंती बांधाव्यात असा नाही. टपरीवाल्याला दुसऱ्या दिवशी भांडवल लागते, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नव्हे. मागणी एवढीच, की पूर्वतयारीही नागरिकाला हक्काने मागता यावी. १० हजारांसाठी कोणत्या टेबलापाशी जायचे हे पूरग्रस्त कुटुंबाला दोन दिवसांत कळते. मे महिन्यात आपल्या गल्लीत मॉक ड्रिल हवी असेल, नाल्याच्या काठी भोंगा हवा असेल, तर अर्ज कोणाकडे करायचा, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने प्रभागनिहाय जाहीर करावे, आणि अर्जाचे काय झाले तेही जूनच्या पहिल्या पावसाआधी सांगावे.