भगवतीच्या शेजारी

गतवर्षी नवरात्रात आम्ही कोचीच्या मट्टांचेरी भागात गेलो. राजवाड्याच्या आवारात पळयन्नूर भगवतीचे देवालय, आत राजाच्या शयनगृहातील भिंतींवर रामकथेची चित्रे, आणि अगदी लगत १५६८ सालचे यहुदी प्रार्थनामंदिर! तेथेही पादत्राणे बाहेरच काढावी लागली. मातुःश्रींना त्याचे फार समाधान वाटले. निळ्या चित्रांच्या चिनी फरशा पायांना गार लागत होत्या. पोर्तुगीजांच्या जाचाने गोवा सोडलेल्या सारस्वतांनाही याच परिसरात आश्रय लाभला. तिरुमल देवस्वम् मंदिरात व्यंकटेशापुढे आजही कोंकणी कानी पडते. यहुदी मात्र १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले. सामुदायिक प्रार्थनेस दहा पुरुष लागतात; तेवढे आता येथे उरलेले नाहीत. काचेची झुंबरे मात्र लख्ख पुसलेली होती.