सिकंदरबागेचें छायाचित्र

लखनौच्या सिकंदरबागेंत ता. १६ नोव्हेंबर १८५७ रोजीं इंग्रजी फौजेनें सुमारें २,००० हिंदी शिपाई मारले. फेलिचे बिआटो ह्यानें तेथील प्रसिद्ध युद्धचित्र घेतलें तें १८५८ च्या मार्च-एप्रिलांत. त्यांत भग्न इमारतीपुढें कवट्या व अस्थि विखुरलेल्या दिसतात. अयोध्येंतील तत्कालीन अंमलदार सर जॉर्ज कॅम्बेल ह्यांच्या १८९३ सालीं छापलेल्या आठवणींत, झांकलेलीं प्रेतें छायाचित्रकारानें आग्रहानें पुन्हां उघडविलीं, असें नमूद आहे. त्या काळचें मंद यंत्र चालती लढाई टिपूं शकत नसे, हें खरें. पण तेवढ्यानें मृतांची विटंबना क्षम्य ठरत नाहीं. अस्थि अस्सल, देखावा मात्र रचलेला! सबब लढाईच्या दिवसाचा पुरावा म्हणून हें चित्र आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. छापणारांनीं त्याखालीं १८५७ न घालतां १८५८ घालावें.