सोलार गार्डन लाईटवर पेन्सिल सेल चार्ज होतात का? होतात, पण मे महिन्यात!

जुलै २०१८. वसई-विरारमध्ये पाणी भरलं होतं, लोकल बंद होत्या आणि अनेक भागांत दिवसभराहून जास्त वेळ लाईट नव्हती. मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो. घरात खरी अडचण झाली ती आजीच्या बीपी मशीनची. त्याला चार पेन्सिल सेल लागतात, ते संपलेले आणि दुकानं बंद. गॅलरीत चार सोलार गार्डन लाईट होते. त्यातले सेल काढून मशीनमध्ये घातले. पट्टा अर्धा फुगला आणि मशीन बंद!

चूक नेमकी कुठे झाली, ते नंतर मल्टीमीटर घेऊन बसल्यावर कळलं.

दिव्याच्या आत काय असतं?

दिवा उघडला की चार गोष्टी दिसतात: छोटं सोलार पॅनेल, एलईडी, सर्किट बोर्ड आणि एक रिचार्जेबल सेल. हा सेल बहुतेक वेळा १.२ व्होल्टचा, निकेल-मेटल हायड्राइड (एनआयएमएच) प्रकारचा असतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणून बोर्डवरची चिप व्होल्टेज वाढवून देते. अंधार झाला हे कळायला वेगळा सेन्सर नसतो. पॅनेलचा व्होल्टेज पडला की चिप एलईडी लावते.

म्हणजे दिवसा हा दिवा एक छोटा चार्जरच आहे. फक्त खूप हळू चालणारा.

हिशोब करून बघू

माझ्या दिव्याचं पॅनेल कडक उन्हात साधारण ४० मिलिअँपिअर करंट देतं. पाच तास चांगलं ऊन धरलं तर दिवसाला ४० × ५ = २०० एमएएच. चार्जिंगमध्ये थोडं वाया जातं. सेलमध्ये १०० साठवायला सुमारे १४० द्यावे लागतात. म्हणजे हातात रोज साधारण १४० एमएएच.

- दिव्यासोबत आलेला ६०० एमएएचचा सेल: ४ ते ५ दिवस
- बाजारातला २००० एमएएचचा सेल: साधारण १४ दिवस

हे झालं उन्हाळ्याचं. दाट ढगांत करंट दहाव्या हिश्श्यावर येऊ शकतो. शिवाय जे काही जमा होतं, ते रात्री एलईडी खाऊन टाकतो. जुलैत आमचे सेल रिकामे का होते, ते आता लक्षात आलं असेल.

या संथपणाचा एक फायदाही आहे. एवढ्या कमी करंटवर २००० एमएएचचा सेल तापत नाही, एखाद-दोन दिवस जास्त राहिला तरी बिघडत नाही.

चार्ज करताना हे पाळा

१. सेलवर १.२ व्होल्ट लिहिलंय ना, ते आधी वाचा. काही दिव्यांत त्याच आकाराचा ३.२ किंवा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असतो. तो पेन्सिल सेलच्या जागी घातला तर उपकरण जळू शकतं.

२. रिचार्ज न होणारे साधे सेल दिव्यात अजिबात घालू नका. ते फुटू किंवा गळू शकतात.

३. बऱ्याच दिव्यांत स्विच ऑन असेल तरच सेल चार्ज होतो. म्हणून सकाळी ऑन करा आणि अंधार पडायच्या आत ऑफ.

४. गॅलरीच्या ग्रिलची सावली पॅनेलवर पडू देऊ नका, थोड्या सावलीनेही करंट बराच घटतो. आपल्याकडे खारी हवा आहे, त्यामुळे पॅनेल अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा आणि सेलच्या पट्ट्यांवर गंज चढलाय का पाहा.

५. 'लो सेल्फ डिस्चार्ज' प्रकारचे सेल घ्या. साधा एनआयएमएच सेल नुसता ठेवला तरी महिन्याभरात बराच उतरतो.

मग वीजबिल वाचतं का?

खरं सांगायचं तर नाही. २००० एमएएचच्या सेलमध्ये फक्त २.४ वॉट-तास वीज मावते. चार्जरने तेवढीच वाया घालवली तरी एका युनिटमध्ये दोनशे सेल चार्ज होतील. लाईट असेल तेव्हा भिंतीवरचा चार्जरच वापरा.

गार्डन लाईटचा उपयोग लाईट नसेल तेव्हाचा, आणि त्याची तयारी ऊन असतानाच करावी लागते. आता आमच्याकडे मे संपायच्या आत चार सेल भरून आजीच्या मशीनच्या पाऊचमध्ये जातात. (तुमच्या मशीनला रिचार्जेबल सेल चालतात का, ते माहितीपत्रकात आधी बघा.) पाऊचवर तारीख आजी स्वतः लिहिते.