२ मार्च : एक तारीख, तीन आठवणी

शाळेच्या फळ्यावर रोज ‘दिनविशेष’ लिहिलेला असतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. आज कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कोणत्या साली काय घडलं. दोन ओळी वाचायच्या आणि पुढे जायचं. पण कधी कधी एकाच तारखेच्या घटना शेजारी शेजारी मांडल्या, की त्या एकमेकींशी बोलायला लागतात. आज आम्ही अशाच एका तारखेबद्दल सांगणार आहोत. ती तारीख आहे २ मार्च, आणि तिची पहिली आठवण आपल्या नाशिकचीच आहे.

साल १९३०, वार रविवार. पंचवटीतलं काळाराम मंदिर आपल्याला नवीन नाही. पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधलेलं ते काळ्या दगडाचं देऊळ. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. देवळाचे दगड घडवायला, शहराची साफसफाई करायला कष्टकऱ्यांचे हात चालत होते, पण दर्शनाला ते चालत नव्हते. म्हणून २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली नाशिकमध्ये परिषद भरली. सुमारे १५ हजार लोक जमले. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले कर्मवीर दादासाहेब, यांनी या लढ्याची बांधणी केली होती.

बाबासाहेबांनी तेव्हा लोकांना स्पष्ट सांगितलं होतं, की देवळात गेल्याने आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत. आपले प्रश्न पोटापाण्याचे आहेत, शिक्षणाचे आहेत, सत्तेतल्या वाट्याचे आहेत. मग सत्याग्रह कशासाठी? तर आपल्यालाही माणूस म्हणून वागवायला समोरचा समाज तयार आहे का, हे पाहण्यासाठी.

परिषदेनंतर शिस्तीत मिरवणूक निघाली. ती जवळजवळ मैलभर लांब होती. देवळापाशी पोहोचली तर दरवाजे बंद. मग सगळे गोदावरीच्या घाटावर गेले आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून, ३ मार्चला, देवळाच्या चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. त्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष होते आणि २५ बाया होत्या.

हा आकडा नीट लक्षात ठेवा. तो का, ते कळायला आपल्याला त्याच दिवशी गुजरातेत काय चाललं होतं ते पाहावं लागेल.

अहमदाबादजवळच्या साबरमती आश्रमात त्याच रविवारी, २ मार्च १९३० ला, महात्मा गांधींनी व्हाईसरॉय लॉर्ड आयर्विन यांना एक पत्र लिहिलं. व्हाईसरॉय म्हणजे भारतातला इंग्रजांचा सगळ्यात मोठा अधिकारी. पत्रात गांधीजींनी साधा हिशोब मांडला होता. व्हाईसरॉयचा पगार महिन्याला २१ हजार रुपये, म्हणजे दिवसाला ७०० रुपयांवर. आणि सामान्य भारतीय माणसाची कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. सोळा आण्यांचा एक रुपया, हे जुन्या बायांना माहीत आहे. गटाच्या वहीत मांडून बघा, फरक ५ हजार पटींहून जास्त निघतो.

याच पत्रात मिठावरच्या कराचा प्रश्न होता. घाम गाळणाऱ्या माणसाला मीठ जास्तच लागतं. श्रीमंताची भाजी तुपात होईल, पण गरिबाची भाकर मिठाशिवाय उतरत नाही. म्हणून हा कर गरिबालाच जास्त जड जातो. सरकारने ऐकलं नाही तर आम्ही मिठाचा कायदा मोडू, असं गांधीजींनी आधीच कळवलं. सरकारने ऐकलं नाही. १२ मार्चला गांधीजी ७८ जणांना घेऊन दांडीकडे निघाले. त्या ७८ जणांत बाई एकही नव्हती.

आता तो नाशिकचा आकडा आठवा. देशभर गाजलेल्या यात्रेच्या पहिल्या तुकडीत बाया नव्हत्या, पण काळारामाच्या दरवाजावर २५ बाया बसल्या होत्या. त्यांना जातीमुळे बाहेर ठेवलं होतं, आणि बाई म्हणूनही त्यांनी उंबऱ्याआड राहावं अशीच अपेक्षा होती. दोन्ही उंबरे ओलांडून त्या तिथे बसल्या.

मिठाच्या लढ्यातही बाया मागे राहिल्या नाहीत. आम्हालाही यायचंय, असं कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्या स्त्रियांनी ठणकावून सांगितलं आणि पुढे हजारो बाया रस्त्यावर आल्या. गांधीजींना मे महिन्यात अटक झाली. त्यानंतर २१ मे १९३० ला धारासणाच्या मिठागरावर मोर्चा गेला. धारासणा म्हणजे आपल्या पेठ-सुरगाण्याच्या पलीकडे, वलसाडकडचा समुद्रकिनारा. अंगावर लाठ्या पडत होत्या आणि सत्याग्रही हात उचलत नव्हते. या मोर्चाचं नेतृत्व केलं सरोजिनी नायडू यांनी. त्यांनाही अटक झाली. स्वातंत्र्यानंतर त्या उत्तर प्रदेशच्या राज्यपाल झाल्या. स्वतंत्र भारतातल्या त्या पहिल्या महिला राज्यपाल. त्यांचं निधन झालं १९४९ साली, आणि तारीख होती २ मार्च. ही आपली तिसरी आठवण.

आता नाशिककडे परत येऊ. काळारामाचा सत्याग्रह एका दिवसात संपला नाही. एप्रिलमध्ये रामाच्या रथाला दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून हात लावायचा, असं ठरलं होतं. ते पाळलं गेलं नाही. दगडफेक झाली, सत्याग्रही जखमी झाले. तरी लढा पुढची काही वर्षं चालू राहिला. दरवाजा काही उघडला नाही. शेवटी १९३५ साली, १३ ऑक्टोबरला, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

मग तो सत्याग्रह वाया गेला का? आम्हाला तसं वाटत नाही. १९५० साली लागू झालेल्या संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. १५ व्या कलमात तर विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावं घेऊन सांगितलं आहे, की सार्वजनिक वापराच्या अशा ठिकाणी जात, धर्म किंवा लिंग यावरून कोणाला अडवता येणार नाही. मैत्रिणींनो, विहीर आणि घाट. पाणी भरणाऱ्या बाईला याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

कायदा झाला, पण उंबरे सगळेच गेले नाहीत. म्हणून येत्या २ मार्चला गटाच्या बैठकीत आपण तीन प्रश्न विचारू या. आपल्या गटात गावातल्या सगळ्या वस्त्यांमधल्या बाया आहेत का? हळदीकुंकवाचं बोलावणं कोणाच्या दारापर्यंत जातं आणि कोणाच्या दारावरून वळतं? विधवा बाईला त्यात जागा आहे का?

आणि एक काम. त्या २५ बायांचा आकडा सगळे सांगतात, त्यांची नावं फारसं कोणी सांगत नाही. आपल्या गावात, नात्यात कोणाची आजी-पणजी नाशिकला त्या सत्याग्रहात गेली होती का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. ८ मार्चला महिला दिन साजरा करताना भाषण कोणाचं ठेवायचं, हा प्रश्न दरवर्षी पडतो. या वर्षी ती वही वाचा.