पिल्लाच्या डोळ्याला घरातले थेंब नकोत

बोदवडच्या बाजूला कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून खळ्यात रचतात. व्यायला आलेल्या मांजरीला यापेक्षा सोयीची जागा सापडत नाही. आत सावली असते, आडोसा असतो आणि कुत्र्याचं तोंड पोहोचत नाही. पुढे पंधरवड्यात घरातली पोरं पिल्लं शोधून काढतात, तेव्हा तीन-चारांपैकी एखाद्याचे डोळे चिपडाने घट्ट चिकटलेले असतात. मग घरातलं कुणी गुलाबपाणी सुचवतं, कुणी मध, तर कुणी आजोबांच्या मोतीबिंदूच्या वेळची उरलेली थेंबांची बाटली काढतं. या तिघांत सगळ्यात घातक ती बाटली.

मांजरीचं पिल्लू जन्मतं मिटल्या डोळ्यांनी. साधारण ७ ते १४ दिवसांत पापण्या सुटतात. याच काळातला एक आजार हमखास नजरेतून सुटतो, कारण डोळे मिटलेले असणं तेव्हा स्वाभाविकच वाटतं. व्यातेवेळी किंवा आईच्या चाटण्यातून जंतू मिटल्या पापणीआड शिरतात आणि आत पू साठतो. खूण एकच, पण ठळक: बंद पापणी सपाट न राहता टपोरी, ताणलेली दिसते आणि कधी नाकाकडच्या कोपऱ्यातून पिवळट थेंब बाहेर येतो. पापणी उघडायची तारीख अजून लांब आहे म्हणून इथे थांबायचं नाही. कोंडलेल्या पुवाने बुबुळावरचा पारदर्शक पडदा खराब होतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो.

ती पापणी उघडणं हे खरं तर डॉक्टरांचं काम. दवाखाना लांब असेल, तर घरी एवढं करता येतं. पाणी उकळून कोमट होऊ द्यावं, त्यात कापसाचा बोळा भिजवून पिळावा आणि काही मिनिटं पापणीवर धरावा. कापूस मेडिकलमधला घ्यावा. घरात कपाशीचे ढीग पडलेले असले तरी तो कच्चा कापूस इथे चालत नाही. त्याच्या तंतूवर मेणाचा थर असल्यामुळे तो पाणी धरत नाही, शिवाय त्यात धूळ आणि पानांचा चुरा असतो. चिपड मऊ झालं की नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला हलक्या हाताने पुसत जावं. पापण्यांची फट बहुधा तिथूनच सुटते. सुटली तर पू बाहेर येईल, तो सलाईनने धुवावा. नाही सुटली तर नख लावायचं नाही, ओढायचं नाही. दर डोळ्याला आणि दर पिल्लाला नवा बोळा. वेळेआधी उघडलेल्या डोळ्यात अश्रू पुरेसे तयार होत नाहीत, म्हणून डॉक्टर प्रतिजैविकाचं मलम देतात. त्याने जंतू मरतात आणि डोळा कोरडाही पडत नाही.

डोळे उघडल्यावर येणारा आजार वेगळा. माणसांसारखे पिल्लांचेही डोळे येतात, पण त्यामागे बहुधा तिघांपैकी कुणीतरी असतो. पहिला आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे मांजरांचा हर्पिस विषाणू. शिंका, नाक वाहणं आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी ही त्याची चाहूल. एकदा लागण झालेल्या बहुतेक मांजरांत तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत मुकाट पडून राहतो. ताण आला की पुन्हा जागा होतो आणि नाका-डोळ्यांच्या स्रावातून बाहेर पडू लागतो. बाळंतपण आणि पिल्लांना पाजणं हा मोठाच ताण. म्हणजे धडधाकट दिसणारी आईच पिल्लांना आजार देते, आणि त्यात तिचा काही दोष नसतो. या ताणात आपणही भर घालतो. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. त्यातली निम्मी घरं आपल्या वारंवार डोकावण्यामुळे तिला बदलावी लागतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा कॅलिसी विषाणू. त्यात डोळ्यांपेक्षा तोंड जास्त बिघडतं, जिभेवर व्रण येतात आणि लाळ गळते. तिसरा क्लॅमिडिया हा जिवाणू. त्याची चाल ओळखता येते: आधी एकच डोळा सुजतो, आतली त्वचा लालबुंद होऊन फुगते आणि काही दिवसांनी दुसरा डोळा. शिंका फारशा नसतात. याचाच एक भाऊबंद माणसांत खुपऱ्या करतो. एके काळी त्या खुपऱ्यांनी आपल्याकडे असंख्य लोकांची दृष्टी नेली. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून त्या हद्दपार झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केलं. मांजरातला क्लॅमिडिया माणसाला क्वचितच लागतो, तरी पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

आता ती बाटली. माणसांसाठीच्या अनेक थेंबांत प्रतिजैविकासोबत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. नावापुढचं ‘डी’ किंवा ‘डेक्सा’ पाहावं, नाहीतर बारीक अक्षरांतले घटक वाचावेत. हे थेंब घातले की एका दिवसात लाली उतरते आणि घरचे खूश होतात. पण लाली उतरते ती शरीराची लढाई थांबवल्यामुळे. विषाणूला रान मोकळं मिळतं. हर्पिसने बुबुळावर व्रण केलेला असेल तर तो खोल जातो आणि कधी आरपार. म्हणून डॉक्टर आधी फ्लुरोसिन नावाच्या रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवतात. शाबूत पृष्ठभागावर हा रंग टिकत नाही. जिथे साल निघालेली असते तिथे मात्र तो धरतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. दोन मिनिटांच्या या तपासणीआधी स्टेरॉइड घालणं म्हणजे आंधळा कारभार.

उपचार कारणाप्रमाणे बदलतात. क्लॅमिडियाला नुसतं मलम पुरत नाही. पोटातून डॉक्सिसायक्लिन, तेही साधारण चार आठवडे आणि घरातल्या सगळ्या मांजरांना द्यावं लागतं. डोळे आठवड्यात स्वच्छ दिसतात, तिथेच बरेच जण औषध सोडतात आणि आजार परततो. हर्पिस बळावला तर फॅमसिक्लोव्हिर देतात. लायसिनची पूड अजून विकली जाते, पण २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात तिचा उपयोग दिसला नाही. ताप वाटला म्हणून पॅरासिटामोल अजिबात नको. ते पचवणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात तोकडी असते आणि गोळीचा तुकडाही जीव घेतो.

पिल्लू दगावतं ते बहुधा डोळ्याने नव्हे, उपासाने. नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास नाही तर ते पीत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज ठेवावं. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ ठीक. वजन थांबलं, डोळा मिचमिचा राहिला किंवा बुबुळावर निळसर धुरकटपणा आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल, म्हशी, शेळ्यांच्या रांगेत मांजर घेऊन उभं राहायला लोक लाजतात. लाजायचं कारण नाही. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. व्रण खोल असेल तर भुसावळ-जळगाव गाठावं लागेल.

सहा ते आठ आठवड्यांची झाली की पिल्लांना लस सुरू करावी आणि चार महिन्यांची होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस द्यावेत. लसीने हर्पिसची लागण अडत नाही, पण आजार सौम्य होतो. आणि पिल्लांचं दूध सुटलं की आईची नसबंदी करून घ्यावी. मांजरीचा गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा. ती त्याच वर्षी पुन्हा व्याली, तर तोच विषाणू पुढच्या पिल्लांपर्यंत पोहोचतो.