जिवंत आमिषाला कोणता गळ?

तळ्याकाठी गळ टाकून बसणाऱ्याचं सगळं लक्ष माशाकडे असतं. पण हाती काही लागणार की नाही, हे बऱ्याचदा ठरतं ते बोटाच्या पेराएवढ्या एका वाकड्या तारेवर. नवा रायपूरच्या तळ्यांवर ही तार कशी निवडायची?

कोकणातला माणूस खाडीवर 'गरवायला' निघतो तेव्हा त्याच्या हातात 'गरी' असते. तिथून हजारेक किलोमीटरवर, छत्तीसगडमधल्या तळ्याकाठी बसलेला माणूसही गळाला 'गरी'च म्हणतो! नोकरीनिमित्त रायपूरला गेलेल्या मराठी माणसाची या एका शब्दावर तिथे ओळख होऊन जावी.

छत्तीसगड हा तसा तळ्यांचाच मुलूख. धमधा, रतनपूर या गावांच्या तळ्यांची मोजदाद लोक 'छै आगर छै कोरी' अशी करतात. कोरी म्हणजे वीस. सहा कोऱ्या आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी! २००० साली राज्य झालं आणि रायपूरजवळ नवी राजधानी उभी राहिली, ती अशाच तळ्यांच्या गावांमध्ये. रुंद रस्ते, सरकारी इमारती झाल्या, तरी सेंधसारखा जलाशय आणि आसपासच्या गावांतली 'तरिया' अजूनही आहेत.

मात्र काठी खांद्यावर टाकण्याआधी एक चौकशी हवी. गावातली बरीच तळी पंचायती मच्छीमार संस्थांना किंवा बचत गटांना ठेक्याने देतात. त्यातला मासा हा कुणाच्या तरी पोटापाण्याचा प्रश्न असतो. परवानगी विचारण्यात कमीपणा नाही.

आधी मासा ओळखा

जिवंत आमिष सगळ्याच माशांना लागत नाही. या तळ्यांमध्ये मुख्यतः रोहू, कटला आणि मृगळ पाळतात. कटला पृष्ठभागाजवळ बारीक जीव खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ-वनस्पती चरतो, मृगळ तळाचा गाळ उपसतो. त्यांच्यासाठी कणकेची, पेंडीची गोळी पुरते.

जिवंत आमिष हवं ते शिकारी माशांना. मरळ हा त्यातला राजा. पाणवनस्पतींच्या आडोशाला तो दबा धरून बसतो आणि हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. दुसरा मागूर, ज्याला छत्तीसगडी माणूस मोंगरी म्हणतो. मिशांनी चाचपत, वासाचा माग काढत तो तळाशी फिरतो, आणि तेही रात्री. शिवाय शिंगटी, शिंगी आणि मोठ्या पाण्यात शिवडा. शिंगीच्या कल्ल्यामागचा काटा विषारी असतो. गळ सोडवताना तिला उघड्या हाताने धरू नये.

नंबरांचा उलटा हिशेब

दुकानात गळ मागताना नवखा माणूस हमखास फसतो. गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान! १० नंबरचा गळ बारीक, ४ चा त्याहून मोठा, १ चा आणखी मोठा. त्यानंतर मोजणी फिरते. १/०, २/०, ३/० असे आकडे वाढतात तसा गळही वाढतो. त्यातही एका कंपनीचा ४ नंबर दुसऱ्या कंपनीच्या ४ नंबराशी जुळेलच असं नाही. नॉर्वेच्या मुस्ताद कंपनीत १८७७ मध्ये गळ बनवणारं यंत्र तयार झालं, तेव्हापासून गळ सरसकट यंत्रावर निघू लागले. पण मापाचं एकच प्रमाण जगात आजही नाही. म्हणून नंबर विचारा, पण विश्वास डोळ्यांवर ठेवा.

आमिष जगलं पाहिजे

मरळ मोठा, म्हणून गळही मोठा, असा हिशेब बहुतेक जण करतात. इथेच चूक होते. जाड तारेचा भला थोरला गळ दोन इंची माशाला टोचला, की तो ओझ्याने आणि जखमेने पाच मिनिटांत आडवा होतो. आमिष हललं नाही, तर मरळ फिरकणार कशाला? गळ निवडताना आधी आमिषाकडे बघायचं, मग माशाच्या तोंडाकडे.

गांडुळासाठी ४ ते ८ नंबरचा, बारीक तारेचा, लांब दांड्याचा गळ बरा. गांडूळ दोन-तीन ठिकाणी टोचून शेपटीकडचा भाग वळवळता ठेवावा. झिंगा लावायचा तर शेपटीजवळ, हलक्या गळाने. दोन-तीन इंची जिवंत माशासाठी १/० ते ३/० पर्यंतचा, पण बारीक तारेचा आणि आखूड दांड्याचा गळ घ्यावा. तो पाठीवरच्या पराजवळ वरच्यावर टोचावा. कण्याला लागला तर आमिष संपलं! टोचल्यावर गळाचं टोक बाहेर मोकळं दिसलं पाहिजे. ते आमिषातच बुडालं, तर मासा येऊन नुसता खाऊन जातो.

रायपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात आणखी एक पथ्य पाळावं लागतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. आमिषाची बादली सावलीत ठेवावी, गर्दी करू नये, पाणी अधूनमधून बदलावं.

बर्फावरचा धडा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात. निदान चार इंच बर्फ असल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नका, असं तिथलं सरकार बजावतं. लोक बर्फाला वीतभर भोक पाडून गळ सोडतात. थंडीने सुस्तावलेला मासा हलकेच तोंड लावतो, म्हणून तिथे अळीसाठी आणखी बारीक गळ आणि आणखी बारीक तंगूस वापरतात. हवामान उलट, पण नियम तोच. आमिष हालतं राहील असा गळ!

त्यांची दुसरी शिस्त आपणही उचलावी अशी आहे. उरलेलं जिवंत आमिष तळ्यात सोडायला तिथे कायद्याने मनाई आहे, कारण त्यातून रोग आणि परके मासे पसरतात. आपल्याकडे थाई मागूर याच प्रकारचा खादाड पाहुणा. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी तो संपलेला नाही. उलट आपला देशी मागूर मात्र जागतिक यादीत आज 'संकटग्रस्त' ठरला आहे. म्हणून आमिष शक्यतो त्याच तळ्यातलं घ्यावं आणि एका तळ्यातलं दुसऱ्यात कधीच सोडू नये.

गिळलेला गळ

जिवंत आमिष मासा थेट गिळतो आणि गळ पार पोटात जातो. मोठा मासा घरीच न्यायचा असेल तर प्रश्न नाही. पण वीतभर पिल्लू किंवा देशी मागूर लागला तर? ओढून काढलेला गळ आतडी घेऊनच बाहेर येतो. अशा वेळी तंगूस तोंडाजवळ कापून मासा सोडून दिला, तर त्याच्या जगण्याची शक्यता कितीतरी वाढते. साधा लोखंडी गळ हळूहळू गंजतो. स्टेनलेस स्टीलचा वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून इथे स्वस्त गळच चांगला!

त्याहून चांगला उपाय म्हणजे सर्कल हुक. त्याचं टोक आत दांड्याकडे वळलेलं असतं. मासा गळ घेऊन निघाला की झटका द्यायचा नाही, नुसता ताण धरायचा. गळ घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास माशासाठी नैसर्गिक आमिषाबरोबर असाच गळ २०२१ पासून सक्तीचा आहे. तो मिळाला नाही, तर साध्या गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. सोडवताना जखम कमी होते.

आणि काही दिवस गळ डब्यातच राहू द्यावा. छत्तीसगडमध्ये नद्या आणि जलाशयांत १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. छोट्या, नदीशी न जोडलेल्या तळ्यांना ही बंदी नाही. पण पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला, तर त्याच्या खाली मरळीची जोडी राखण करत असते. पिल्लांजवळ आलेल्या कशावरही ती धावून जाते, त्यामुळे तिला पकडणं अगदी सोपं असतं. पण आईबाप काढले की राहिलेली पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. एका दिवसाच्या कालवणासाठी तळ्यातली पुढची पिढीच संपते. त्या जागी कोणताही गळ योग्य नाही.